हिंजवडीतल्या ऑफिसचा सिक्युरिटी आणि क्रायसिस प्लॅन (कॉलेज प्रोजेक्ट): सुरुवात कुठून करू?

शेवटचा_बाक

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यातच. या सेमिस्टरला वर्कप्लेस सिक्युरिटी आणि क्रायसिस प्रिपेअर्डनेस हा इलेक्टिव्ह घेतलाय. वर्गात आत्तापर्यंत व्याख्या आणि स्लाइड्स झाल्या. आता प्रोजेक्ट आहे: एक ऑफिस गृहीत धरून जोखमीचं मूल्यमापन, गार्डांची संख्या, इमारत रिकामी करण्याचा आराखडा, आणि शेवटी वर्गात टेबलटॉप एक्सरसाइज (टेबलाभोवती बसून काल्पनिक संकटाचा सराव) घेऊन दाखवायची.

मी धरलेली इमारत: हिंजवडी फेज २, तळमजला अधिक सहा मजले. मजला साधारण ११०० चौरस मीटर, वरच्या सहाही मजल्यांवर १६० खुर्च्या. दोन जिने, प्रत्येकी १.५ मीटर रुंद. तळमजल्यावर लॉबी आणि कॅन्टीन, बेसमेंटला पार्किंग, मागे डीजी सेट (डिझेल जनरेटर). रात्रपाळीला ३०० लोक, त्यात महिलाही.

रिस्क मॅट्रिक्स (धोक्याची शक्यता आणि परिणाम यांचा तक्ता) भरली तर सगळंच 'मध्यम' येतंय. गार्ड किती लागतील हे कशावरून काढतात तेच कळत नाही, कुणी १०० माणसांमागे एक म्हणतं, कुणी मजल्याला एक. टेबलटॉप म्हणजे नुसत्या गप्पा होतील अशी भीती आहे. आणि पुढे याच कामात यायचं तर काय शिकावं, तेही सांगा.

गेट_नंबर_३

सगळं मध्यम येतंय कारण तुम्ही शक्यता आणि परिणाम यांचा गुणाकार करून एकच आकडा ठेवताय. रोज होणारी पण किरकोळ गोष्ट, म्हणजे कार्ड न लावता पुढच्याच्या मागोमाग आत शिरणं, ५ गुणिले १. क्वचित होणारी पण जीवघेणी गोष्ट, म्हणजे जिन्यात धूर, १ गुणिले ५. दोन्हींचं उत्तर ५. गुणाकार करूच नका, जोडी तशीच ठेवा. परिणाम ५ असेल तर शक्यता कितीही कमी असो, त्याची लेखी योजना आणि सराव हवा. शक्यता ५ असेल तर ते रोजच्या ड्यूटीत बसवायचं, त्यासाठी क्रायसिस टीम बसवायची गरज नाही.

धोक्यांची यादी पुस्तकातून उचलू नका. हिंजवडीच्या रिपोर्टमध्ये त्सुनामी लिहून आणणारे असतात! इमारतीत बाहेरून आत चालत या: फाटक, रॅम्प, बेसमेंट, डीजी, यूपीएसची बॅटरी रूम, कॅन्टीनचा गॅस, मजल्यांवरच्या पॅन्ट्री, सर्व्हर रूम, गच्ची. प्रत्येक ठिकाणी लिहा की इथे काय बिघडू शकतं, आत्ता त्याला काय अडवतंय, आणि ते अडवणारं साधन चालू आहे हे शेवटचं कुणी कधी तपासलं. तिसरा रकाना बराचसा रिकामा राहील. तुमचा रिपोर्ट त्या रिकाम्या घरांवर उभा करा.

एक नमुना देतो. डीजीजवळच्या डिझेल टाक्या बहुतेक ठिकाणी ९९० लिटरच्या दिसतील. डिझेल पेट्रोलियम कायद्यात 'ब' वर्गात येतं. एक टाकी १००० लिटरच्या आत आणि एकूण साठा २५०० लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही, म्हणून हा आकडा. दोन टाक्या म्हणजे १९८०, चाललं. लोड वाढला म्हणून कुणी तिसरी बसवली की २९७०, आणि कागदपत्रांत मात्र दोनच. असं काही सापडलं तर ते मॅट्रिक्समधल्या दहा ओळींपेक्षा मोलाचं.

संपर्क यादीत हमखास चुकते ती हद्द. हिंजवडी पुणे शहर पोलिसांकडे नाही, १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे आहे. आयटी पार्क एमआयडीसीचा, त्यामुळे फायरची एनओसीही एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाची, महापालिकेची नव्हे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. ११२, १०१, १०८ लिहाच, पण त्याखाली जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि फायर स्टेशनचा थेट नंबर हवा, आणि तो लावून पाहिल्याची तारीखसुद्धा.

आणखी एक प्रकार लोक विसरतात: इमारत धडधाकट, पण माणसंच नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रोडची एकता नगरी पाण्यात गेली. अशा दिवशी हिंजवडीत फरशीही ओली होत नाही, पण त्या बाजूला राहणारी सगळी टीम गैरहजर. म्हणून बिझनेस इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसमध्ये प्रत्येक कामापुढे दोन आकडे टाका: हे काम किती तास बंद राहिलं तर कंपनीला सोसणार नाही, आणि ते किती तासांत परत उभं करायचं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान हवा. उलटा लिहिलेला रिपोर्ट दर वर्षी एखादा तरी निघतोच.

ड्यूटी_चार्ट

१०० माणसांमागे एक वगैरे विसरा. आधी पोस्ट ठरतात, मग माणसं.

एक पोस्ट २४ तास चालवायची म्हणजे ८ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याला २१ ड्यूट्या. एक गार्ड आठवड्याला ६ करतो. २१ भागिले ६ म्हणजे साडेतीन. त्यावर रजा, आजारपण, गावची जत्रा, म्हणून १५ टक्के गैरहजेरी धरा: ३.५ भागिले ०.८५, म्हणजे चाराला थोडे जास्त. लक्षात ठेवायला सोपं: २४ तासांची एक पोस्ट म्हणजे पटावर चार माणसं.

तुमच्या इमारतीत २४ तासांच्या पोस्ट मला पाच दिसतात: मेन गेट, लॉबी, कंट्रोल रूम, बेसमेंट रॅम्प, आणि मागची बाजू डीजीसकट. आठवड्याला १०५ ड्यूट्या, म्हणजे साडेसतरा, गैरहजेरी धरून २१ गार्ड. दिवसपाळीपुरते मटेरियल गेट आणि ट्रान्सपोर्ट डेस्क, सहा दिवस: आणखी दोन ते तीन. म्हणजे पटावर २३-२४. केंद्राच्या २००६ च्या मॉडेल नियमांत (२०२० मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) एका सुपरवायझरखाली जास्तीत जास्त १५ गार्ड होते. तुमच्या पाळीत पाच ते सात जणच असतील, त्यामुळे पाळीला एक पुरतो, पण आठवडाभर तिन्ही पाळ्या भरायला पटावर चार लागतील. प्रत्येक पाळीत महिला गार्ड धरली नाही तर महिलांची तपासणी कोण करणार, हा प्रश्न परीक्षक विचारणारच.

प्रत्यक्षात स्वस्त कोटेशन कसं बनतं तेही लिहा. १२ तासांच्या दोन पाळ्या, पोस्टमागे दोनच माणसं, रिलीव्हर (बदली गार्ड) नाहीच. मग एक जण आला नाही की आदल्या पाळीचा गार्ड डबल मारतो. सलग २४ तास उभा राहिलेला माणूस पहाटे चारला बॅगेच्या स्कॅनरकडे बघत असतो, दिसत काहीच नसतं. कोटेशनमध्ये दर किती यापेक्षा रिलीव्हर किती, हे आधी बघा.

प्रशिक्षणाचे आकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या त्याच २००६ च्या नियमांत होते: नव्या गार्डला १०० तास वर्ग आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामाचे दिवस. माजी सैनिक किंवा माजी पोलिसांना ४० आणि १६ तास, किमान ७ दिवस. महाराष्ट्रात १९८१ चा सुरक्षा रक्षक कायदाही आहे, त्याखाली जिल्ह्यांत सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. गार्ड मंडळाचे की एजन्सीचे हे रिपोर्टमध्ये स्पष्ट असू द्या.

रात्रपाळी वेगळ्या पानावर घ्या. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळात महिलांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेची सोय करूनच कामावर ठेवता येतं. २००७ आणि २००९ मध्ये पुण्यात नोकरदार महिलांच्या हत्येची दोन प्रकरणं झाली, त्यानंतर कॅबचे नियम कडक झाले. पहिली पिकअप किंवा शेवटची ड्रॉप एकट्या महिलेची असेल तर गाडीत एस्कॉर्ट हवा. यातली कच्ची जागा अशी: रोस्टरला शेवटी पुरुष सहकारी असतो, तो ऐनवेळी सुट्टी घेतो, आणि ड्रायव्हर ट्रिप तशीच चालवतो. त्यामुळे रोस्टर बदलला की ट्रिप आपोआप थांबून ट्रान्सपोर्ट डेस्कची परवानगी मागेल अशी सोय दाखवा.

फॉर्म_बी

जिन्यांचा हिशेब करून देतो, बाकी तुम्ही वाढवा.

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, भाग ४. ऑफिससाठी माणशी १० चौरस मीटर, म्हणजे ११०० ला ११० माणसं. जिन्याला माणशी १० मिलिमीटर रुंदी, म्हणजे १५०० मिलिमीटरचा जिना १५० जणांचा. दोन जिने म्हणजे मजल्याला ३००. कागदावर अगदी ऐसपैस. पण तुमच्या खुर्च्या १६० आहेत, तर १६०च धरायच्या. आता एक जिना धुराने बंद आहे असं समजा: उरले १५०. दहा माणसं जास्त. जिन्याचं दार १ मीटरचं असेल तर दाराला माणशी ६.५ मिलिमीटर धरून १५३, तेही अपुरं. हा दहाचा फरक रिपोर्टमध्ये ठळक येऊ द्या, आणि उपाय म्हणून मजल्यावरच्या खुर्च्या कमी करा किंवा बसण्याच्या पाळ्या लावा. तिसरा जिना बांधा असं लिहू नका, भाड्याच्या इमारतीत कोण बांधणार?

उंचीही मोजा. मजला ३.६ मीटर धरला तर सात मजल्यांचे २५.२ होतात. २४ मीटरच्या वर गेलं की रेफ्यूज एरियाचा (आगीच्या वेळी थांबायच्या सुरक्षित जागेचा) नियम लागतो. ती जागा बहुतेकदा जुन्या खुर्च्या आणि दिवाळीच्या सजावटीच्या खोक्यांनी भरलेली असते.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. तोच फॉर्म बी. तो आहे म्हणजे सगळं चालतंय असं मात्र धरू नका. दोन जागी घोळ असतो. पॅन्ट्रीतल्या टोस्टमुळे फायर अलार्मचं पॅनल उगाच वाजतं, कंटाळून कुणीतरी त्या झोनचा हूटर (भोंगा) आयसोलेट, म्हणजे बंद करतं आणि परत चालू करायचं राहतं. दुसरं, जिन्याच्या दारावरचं ईएम लॉक (विजेवर चालणारं चुंबकीय कुलूप). अलार्म झाला की त्याची वीज तुटून दार सुटलं पाहिजे. अ‍ॅक्सेस कंट्रोलवाला आणि फायर पॅनलवाला वेगळे व्हेंडर असले की मधली वायर कुणाच्याच कामात धरलेली नसते. बटण दाबून बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून ड्रिलच्या तक्त्यात 'दार सुटलं का, किती सेकंदांत' हा रकाना ठेवा.

ड्रिलमध्ये तीन वेळा नोंदवा: अलार्मपासून पहिला माणूस जिन्यात शिरेपर्यंत, शेवटचा बाहेर येईपर्यंत, आणि हजेरी पूर्ण होईपर्यंत. पहिला आणि तिसरा आकडाच वाईट येतात. लोक लॅपटॉप बंद करतात, बॅग भरतात, चहा संपवतात.

शेवटचा_बाक

खूपच कामाचं, धन्यवाद. दोन शंका. बाहेर जमायची जागा मी समोरचं पार्किंग दाखवलंय, ९६० लोकांना चालेल का? आणि बॉम्बच्या धमकीला हाच आराखडा वापरला तर? कॅमेऱ्यांबद्दलही एखादी ओळ सांगा, सरांनी स्टोरेज काढायला सांगितलंय.

फॉर्म_बी

माणशी अर्धा चौरस मीटर धरा, म्हणजे ४८० चौरस मीटर मोकळी जागा, आणि ती अग्निशमन गाडीच्या वाटेत नको. जुलैत तीच जागा पावसात असते, मग माणसं आडोसा म्हणून बेसमेंटच्या रॅम्पवर जाऊन उभी राहतात, जळत्या इमारतीच्या खाली. रॅम्पवर एक गार्ड फक्त त्यांना अडवायला ठेवा.

बॉम्बच्या धमकीला हा आराखडा चालत नाही. पार्किंगमध्ये गाड्या आहेत आणि डोक्यावर काचेची भिंत. वेगळी, लांबची जागा ठरवा, आणि लोकांना तिकडे पाठवण्याआधी ती जागा तपासा. शोध घ्यायला गार्डापेक्षा त्या मजल्यावरची माणसं आणि हाउसकीपिंग उपयोगी, कारण कुठली बॅग तिथली नाही ते त्यांनाच कळतं. संशयास्पद वस्तूला हात नाही, तिच्याजवळ वॉकी-टॉकी किंवा मोबाइल नाही, पुढचं काम पोलिसांच्या बीडीडीएसचं (बॉम्बशोधक व नाशक पथकाचं). फोन आला तर घेणाऱ्याने तो ठेवू नये: कुठे आहे, कधी फुटणार, दिसायला कशी आहे हे विचारायचं, आणि मागे कसले आवाज येतात ते लिहायचं. या प्रश्नांचं कार्ड रिसेप्शनच्या फोनखाली असू द्या. पुण्याने १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीचा स्फोट पाहिलाय, १७ जणांचा जीव गेला. 'ईमेल खोटाच असणार' हा निर्णय रिसेप्शनवर होता कामा नये.

गेट_नंबर_३

कॅमेरा: ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी घेतो (४ गुणिले ८६४०० सेकंद, भागिले ८). ३० दिवसांचे जवळपास १.३ टीबी. ३२ कॅमेरे म्हणजे साडेएकेचाळीस टीबी. त्यावर रेडसाठी (एखादी डिस्क बिघडली तरी फुटेज टिकावं म्हणून) जादा डिस्क.

स्टोरेजइतकंच महत्त्वाचं म्हणजे मीटरमागे पिक्सेल. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायला २५०, माहितीतला माणूस ओळखायला १२५, कुणीतरी आहे एवढं कळायला २५. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा २५० ने भागला तर ७.७ मीटर. म्हणजे गेट आठ मीटरपेक्षा रुंद दाखवलं की चेहरा गेला. एकाच कॅमेऱ्यात अख्खं पार्किंग बसवलेलं असतं आणि चोरी झाल्यावर 'फुटेज आहे पण कोण ते दिसत नाही'.

इन्जेक्टवाला

टेबलटॉपच्या गप्पा होतात कारण प्रश्न विचारले जातात 'तुम्ही काय कराल' असे, आणि उत्तर येतं 'आम्ही ताबडतोब संबंधितांना कळवू'. नियम करा: जो 'कळवू' म्हणेल त्याने कुणाला, कुठल्या नंबरवर, नेमकं काय वाक्य बोलून, हे तिथेच म्हणून दाखवायचं. शक्य असेल तर नंबर लावूनच पाहायचा. निम्मी यादी तिथेच उघडी पडते.

९० मिनिटं पुरतात. दहा मिनिटं परिस्थिती सांगायला, तासभर इन्जेक्ट (सरावात एकेक करून टाकायच्या नव्या घडामोडी), वीस मिनिटं चर्चा. भूमिका: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत, त्यातल्या इन्सिडेंट कमांडर, सेफ्टी, माहिती व माध्यम, लायझन आणि ऑपरेशन, प्लॅनिंग, लॉजिस्टिक्स या पदांवर वर्गातली मुलं बसवा. कमांडर सर्वांत वरिष्ठ माणूस नसावा, जागेवर हजर असलेला असावा. रात्री दोनला तो सिक्युरिटीचा शिफ्ट सुपरवायझरच असतो. मग इमारत रिकामी करायचा अधिकार त्याला लेखी दिलाय का? बहुतेक ठिकाणी नसतो, आणि तो साहेबांना फोन लावत बसतो. एक जण फक्त वेळेसकट नोंद ठेवायला, त्याने बोलायचं नाही.

तुमच्या इमारतीसाठी असं चालेल. जुलैतला मंगळवार, ४.१०, बाहेर मुसळधार. चौथ्या मजल्यावरच्या पॅन्ट्रीतून धूर, पॅनलवर दिवा लागलाय पण हूटर शांत. ४.१६, कुणीतरी जिन्याचं दार खुर्ची लावून उघडं ठेवलंय, एका जिन्यात धूर. ४.३२, हजेरीत सात कमी: त्यातले दोन एसीवाल्या कंत्राटदाराचे, त्यांची नोंद लॉबीतल्या कागदी रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर आतच राहिलंय. ४.४०, 'कंपनीत स्फोट' अशा मथळ्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय, गेटवर वार्ताहर. ४.५५, अग्निशमनची गाडी आली पण संध्याकाळच्या पिकअपच्या कॅब गेटसमोर ओळीने उभ्या. ५.३०, परदेशातला क्लायंट विचारतोय, रात्रीची पाळी कुठून चालवणार?

एकेक इन्जेक्ट छापून बंद लिफाफ्यात द्या, सगळे एकदम सांगू नका. ४.४० च्या लिफाफ्यानंतर दहा मिनिटांत पहिलं निवेदन लिहून घ्या, चार ओळींचं: काय झालंय, आम्ही काय करतोय, पुढची माहिती किती वाजता. कारणाचा अंदाज नाही. जखमींचा आकडा खात्री झाल्याशिवाय नाही, आणि घरच्यांना कळवण्याआधी नावं तर नाहीतच.

चर्चेतून 'संवाद सुधारायला हवा' असलं वाक्य निघालं तर खोडा. 'कंत्राटदारांची नोंद टर्नस्टाइलच्या सिस्टिममध्ये, जबाबदार अमुक, तारीख अमुक' असं हवं.

आयटी कंपनी असल्यामुळे सायबरचाही एक इन्जेक्ट ठेवता येईल. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. रात्री ११ ला कळलं तर पहाटे ५ ही मुदत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ड्यूटी_चार्ट

पुढच्या शिक्षणाबद्दल. आधी ठरवा की कामगार सुरक्षेकडे जायचंय की सिक्युरिटीकडे, जाहिराती दोन्हीच्या 'सुरक्षा अधिकारी' म्हणूनच येतात. कारखान्यातल्या सेफ्टीसाठी एमएसबीटीईचा (राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा) इंडस्ट्रियल सेफ्टीचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, त्याची पात्रता आधी तपासा. आगीसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. आपत्ती व्यवस्थापनासाठी मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था). अभ्यासाच्या अंगाने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग आहे, पण तिथे राष्ट्राची सुरक्षा शिकाल, गेटची नाही. गुजरातेत गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. पुण्यात यशदामध्ये (राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत) आपत्ती व्यवस्थापनाचं केंद्र आहे, आणि मावळात सुदुंबरेला एनडीआरएफची ५ वी बटालियन. वर्गाची भेट ठरवायची तर कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज लागेल.

इन्जेक्टवाला

आयएसओ २२३०१ चा (बिझनेस कंटिन्युइटीच्या, म्हणजे संकटातही काम चालू ठेवण्याच्या मानकाचा) लीड ऑडिटर कोर्स लगेच करू नका, फ्रेशरच्या हातात तो कागद फारसा चालत नाही. एएसआयएस या सुरक्षा व्यावसायिकांच्या संस्थेच्या सीपीपी प्रमाणपत्राला तर अनुभवाची वर्षंच लागतात. कंपन्यांत सिक्युरिटी हेड बहुतेक निवृत्त फौजी अधिकारी असतात. तुमच्या वयाच्या माणसाला आत शिरायची वाट म्हणजे जीएसओसीमधली (कंपनीच्या जागतिक सुरक्षा नियंत्रण कक्षातली) अ‍ॅनालिस्टची नोकरी किंवा बिझनेस कंटिन्युइटीची टीम. तिथे एक्सेल, नीट इंग्रजी रिपोर्ट आणि रात्रपाळीची तयारी बघतात.

गेट_नंबर_३

एखादी खरी इमारत बघायला मिळाली तर फॅसिलिटी मॅनेजरकडे प्लॅन मागू नका, देणार नाहीत, आणि देऊही नये. फोटोही काढू नका. फायर पॅनलचा गेल्या महिन्याचा इव्हेंट लॉग त्यांच्यासमोर बसून वाचायची परवानगी मागा. किती झोन आयसोलेट आहेत आणि कधीपासून, ते त्यात तारीख-वेळेसकट असतं. आणि रिपोर्टमध्ये इमारतीचं नाव टाकू नका.